कर्ता गेला, कर्म उरले

सोव्हिएत संघ 1991 च्या डिसेंबरात संपला. त्याने गुप्तपणे उभारलेला जैविक अस्त्रांचा कार्यक्रम मात्र त्या दिवशी संपला नाही. रोगजंतू मातीत पुरलेले होते, विषाणू शीतपेट्यांत होते, ते वाढवण्याची विद्या हजारो माणसांच्या डोक्यात होती आणि या सगळ्याबद्दल सांगितलेले खोटे सरकारी दप्तरात होते. हे सारे घडवून आणणारे राज्य नकाशावरून गेले. अशा वेळी एक जुना धर्मप्रश्न उभा राहतो. कर्म करणारा उरला नाही आणि कर्माचे फळ उरले, तर ते निस्तरायचे कोणी?

जैविक अस्त्रे बनवणे, साठवणे आणि बाळगणे यांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार 10 एप्रिल 1972 रोजी सह्यांसाठी खुला झाला आणि 26 मार्च 1975 पासून अमलात आला. अमेरिका आणि ब्रिटन यांच्याबरोबर सोव्हिएत संघ या कराराचा निक्षेपधारक होता, म्हणजे कराराची मूळ प्रत सांभाळण्याची जबाबदारी असलेल्या तीन देशांपैकी एक. याच काळात, नागरी औषधनिर्मितीच्या बुरख्याआड, ‘बायोप्रेपारात’ नावाची संस्था उभी राहिली. तिचे उपप्रमुख कानातझान अलिबेकोव्ह 1992 मध्ये अमेरिकेत गेले आणि पुढे केन अलिबेक या नावाने त्यांनी आतली हकीकत लिहिली. त्यांच्या म्हणण्यानुसार सैन्य, मंत्रालये आणि बायोप्रेपारात मिळून साठ हजारांच्या आसपास माणसे या कामात होती. त्यांच्याआधी 1989 मध्ये लेनिनग्राडच्या एका संस्थेचे संचालक व्लादिमीर पासेचनिक ब्रिटनच्या आश्रयाला गेले होते. बाहेरच्या जगाला कार्यक्रमाचा खरा आवाका प्रथम कळला तो त्यांच्याकडून.

या कार्यक्रमाचे मैदान अरल समुद्रातल्या वोझरोझदेनिया बेटावर होते. 1936 मध्ये तिथे पहिले प्रयोग झाले आणि 1950 च्या दशकापासून कायमचे ठाणे उभे राहिले. अँथ्रॅक्स, प्लेग, टुलरेमिया, ब्रुसेलोसिस, देवी अशा रोगांचे जंतू उघड्या हवेत सोडून त्यांचा परिणाम माकडांवर, घोड्यांवर, मेंढ्यांवर पाहिला जाई. बेटाच्या चहूबाजूंनी पाणी आहे, हीच सुरक्षेची मुख्य हमी होती.

ही हमी किती कच्ची होती, ते 1971 च्या उन्हाळ्यातच दिसले. ‘लेव्ह बर्ग’ नावाचे संशोधन जहाज अरल समुद्रात फिरत होते. त्यावरची एक तरुणी देवीची लागण घेऊन कझाकस्तानातल्या अराल्स्क गावी परतली. तिच्यासह दहा जणांना रोग झाला आणि तिघांचा बळी गेला. गाव बंद करून सुमारे पन्नास हजार माणसांना लस टोचावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेला ही साथ कळवली गेली नाही. तीस वर्षांनी, 2001 मध्ये, प्योत्र बुर्गासोव्ह या निवृत्त जनरलांनी एका रशियन वृत्तपत्राला सांगितले की बेटावर देवीच्या चारशे ग्रॅम द्रवाचा स्फोट केला गेला होता आणि जहाज नको तितके जवळ आले होते.

इथे भारताशी असलेला एक दुवा सांगितलाच पाहिजे. देवीचे जगातून उच्चाटन करावे, हा प्रस्ताव 1958 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत मांडला तो सोव्हिएत संघाच्या व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी. पुढे त्या मोहिमेला सोव्हिएत संघाने अब्जाहून अधिक मात्रा लस दिली, आणि तिचा मोठा वाटा भारतातल्या खेड्यापाड्यांत टोचला गेला. त्याच मोहिमेच्या काळात, 1967 मध्ये, भारतातल्या रुग्णाकडून मिळवलेला देवीचा एक वाण मॉस्कोला नेण्यात आला. अस्त्रासाठी निवडला गेला तो हाच वाण, असे अलिबेक सांगतात. एकाच राज्याने एका हाताने भारतीय मुलाच्या दंडावर लस टोचली आणि दुसऱ्या हाताने त्याच देशातला रोग अस्त्र म्हणून जतन केला. या दोन हातांची बेरीज-वजाबाकी करून पुण्य-पापाची शिल्लक काढता येत नाही. वाचलेले जीव खरेच वाचले, आणि साठवलेला विषाणू खरेच साठवला गेला. एक कर्म दुसऱ्याला पुसत नाही, दोघांची फळे वेगवेगळी येतात, असे परंपरेचे मत आहे, आणि या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे.

1988 मध्ये, गोर्बाचेव्ह यांच्या काळात, बाहेरच्या तपासणीची शक्यता दिसू लागली तेव्हा रशियातल्या स्वेर्दलोव्स्क शहराच्या लष्करी कारखान्यातला अँथ्रॅक्सचा साठा घाईने हलवण्यात आला. शंभर टनांहून अधिक असावा असे मानले जाणारे हे द्रव्य ब्लीच मिसळून रेल्वेने नेले आणि बेटावर अकरा खड्ड्यांत पुरले. चार वर्षांनी सैन्य बेट सोडून गेले. कांतुबेक ही तिथली वसाहत ओस पडली. 1990 च्या दशकात अमेरिकी तज्ज्ञांनी खड्ड्यांतल्या मातीचे नमुने तपासले तेव्हा काही बीजाणू अजून जिवंत असल्याचे आढळले.

अँथ्रॅक्सचा जिवाणू, ज्याला मराठीत काळपुळीचा जिवाणू म्हणतात, प्रतिकूल परिस्थितीत स्वतःभोवती कवच करून बीजाणूच्या रूपात पडून राहतो. तो किती काळ टिकतो याचा दाखला स्कॉटलंडच्या ग्रुइनार्ड बेटावर मिळतो. ब्रिटनने 1942 मध्ये तिथे मेंढ्यांवर अँथ्रॅक्सचा प्रयोग केला. त्यानंतर 196 हेक्टरांचे ते छोटे बेट जवळपास अर्धशतक बंद राहिले. 1986 मध्ये 280 टन फॉर्माल्डिहाइड समुद्राच्या पाण्यात मिसळून ते धुऊन काढले, आणि 1990 च्या एप्रिलमध्ये एका उपमंत्र्याने जाऊन धोक्याची पाटी उतरवली. प्रयोग करणारे राज्य, दोषी ठरणारे राज्य आणि सफाई करणारे राज्य तिथे एकच होते. त्यामुळे प्रश्न पैशाचा आणि चिकाटीचा राहिला, जबाबदारीचा झाला नाही.

अरल समुद्रात तसे झाले नाही. कापसाच्या शेतीसाठी अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी वळवले गेल्यापासून समुद्र आटत होता. मुळात सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचे असलेले बेट दहापटीने फुगले, आणि 2001 मध्ये मुख्य भूमीला जोडले गेले. एकाच राज्याच्या दोन धोरणांनी एकमेकांना गाठले. एकाने विष पुरले आणि दुसऱ्याने त्याभोवतीचा खंदक कोरडा केला. आता उंदीर, सरपटणारे प्राणी आणि ओसाड वसाहतीतले लोखंड-तांबे उचलायला येणारी गरीब माणसे कोरड्या पावलांनी तिथे पोहोचू शकत होती. बेटाची मालकी तोवर उझबेकिस्तान आणि कझाकस्तान यांच्यात वाटली गेली होती, आणि ते खड्डे उझबेकिस्तानच्या कराकालपाकस्तान या स्वायत्त प्रजासत्ताकात आले होते. 2002 मध्ये अमेरिकेने उझबेकिस्तानशी करार करून स्वखर्चाने खड्ड्यांची माती रसायनांनी निर्जंतुक केली. ज्याने विष केले तो तिथे नव्हता. ज्याच्या दारात ते होते त्याची ऐपत नव्हती. निस्तरले ते मूळ राज्याच्या जुन्या शत्रूने.

भारतीय दर्शनांनी कर्मसिद्धान्त उभा करताना दोन दोष कटाक्षाने टाळायचे ठरवले होते. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळता नाहीसे होणे, हा कृतनाश. न केलेल्या कर्माचे फळ दुसऱ्याच कुणाच्या माथी येणे, हा अकृताभ्यागम. यांपैकी एक जरी मान्य केला तरी नीतीची इमारत ढासळते, म्हणून आत्म्याचे नित्यत्व, पुनर्जन्म, अदृष्ट अशा कल्पनांचा आधार घेतला गेला. वोझरोझदेनियाच्या बाबतीत हे दोन्ही दोष एकाच वेळी प्रत्यक्ष घडले. निर्णय घेणारे अधिकारी निवृत्त झाले, काही सन्मानाने मरण पावले. आणि ज्यांना त्या निर्णयाचा वाराही लागला नव्हता, त्या कराकालपाक लोकांच्या वाट्याला आधीच आटलेला समुद्र, खारी धूळ आणि त्यावर हे खड्डे आले.

पूर्वमीमांसेचे उत्तर इथे अपुरे पडते. यज्ञ संपला तरी त्यातून ‘अपूर्व’ नावाची एक अदृश्य शक्ती निर्माण होते आणि फळ मिळेपर्यंत ती टिकते, असे मीमांसक मानतात. कर्म संपल्यानंतरही परिणाम जिवंत राहतो, हे त्यांनी ओळखले होते. पण अपूर्व राहते कुठे? कर्त्याच्या आत्म्याच्या आश्रयाने. राज्याला आत्मा नाही. ते विसर्जित झाले की त्याच्या कर्माच्या परिणामाला आश्रयच उरत नाही, आणि तो निराधार फिरू लागतो.

या बाबतीत बौद्ध विचार जास्त उपयोगी पडतो, कारण तो नित्य आत्मा मुळातच मानत नाही आणि तरीही जबाबदारी सोडत नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात नागसेन हा भिक्षू मिलिंद राजाला एक दाखला देतो. एक माणूस माळ्यावर दिवा लावून जेवतो. दिव्याने छप्पर पेटते, छपराने घर, घराने गाव. गावकऱ्यांनी धरल्यावर तो म्हणतो की ज्या ज्योतीच्या उजेडात मी जेवलो ती वेगळी आणि गाव जाळणारी आग वेगळी. नागसेनाच्या मते हा बचाव टिकत नाही. आग ज्योतीपासूनच निघाली आहे. कायम टिकणारी वस्तू नसली तरी अखंड प्रवाह असतो, आणि जबाबदारी त्या प्रवाहाबरोबर वाहते.

राज्यांना लावून पाहावा असाच हा विचार आहे. सोव्हिएत संघ गेला, पण प्रवाह तुटला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतली जागा, वकिलाती, अण्वस्त्रे, हे सारे रशियाने वारसा म्हणून घेतले. परकीय कर्जही अंगावर घेतले आणि 2017 पर्यंत फेडून टाकले. जैविक कार्यक्रमाच्या लष्करी संस्था तर त्याच गावांत, त्याच इमारतींत राहिल्या. मालमत्तेच्या वेळी आपण तेच आहोत म्हणायचे आणि खड्ड्यांच्या वेळी ते राज्य वेगळे होते म्हणायचे, हा माळ्यावरच्या माणसाचाच युक्तिवाद आहे.

धर्मशास्त्रात यावर एक गंभीर आक्षेप सापडतो. वडिलांचे ऋण मुलाने फेडावे, ही पवित्र जबाबदारी मानली गेली. पण याज्ञवल्क्यस्मृतीने तिला स्पष्ट अपवाद केले आहेत. बापाने दारूसाठी, कामवासनेसाठी किंवा जुगारासाठी केलेले कर्ज मुलावर येत नाही, त्याच्यावरचा उरलेला दंडही येत नाही. पुढच्या पिढीला आधीच्या पिढीच्या अधर्मात बांधू नये, ही त्यामागची न्यायबुद्धी आहे आणि ती खरोखर उदार आहे. हा नियम जसाच्या तसा लावला, तर करार मोडून गुप्तपणे केलेली अस्त्रे हे अधर्माचेच ऋण ठरेल आणि वारस सुटेल.

पण अपवाद कोणाच्या विरुद्ध आहे, हे पाहिले पाहिजे. जुगाऱ्याला कर्ज देणारा सावकार डोळे उघडे ठेवून देतो. त्याचे पैसे बुडाले तर त्यात त्याचाही दोष असतो, म्हणून स्मृतिकार मुलाची बाजू घेतात. अराल्स्कच्या त्या तीन मृतांनी किंवा कराकालपाक मेंढपाळांनी कुणाला काही उसने दिले नव्हते. त्यांच्यावर घाला घातला गेला. अधर्म्य कर्जाचा अपवाद सहभागी सावकाराला लागू पडतो, निरपराध पीडिताला नाही. म्हणून वारस राज्याला या अपवादाच्या आड जाता येत नाही. त्याच्याकडे दोष येत नाही, फेड मात्र येते.

दोष आणि फेड यांतला हा फरक युरोपात तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच मांडला. जर्मनीच्या अपराधाविषयीच्या त्यांच्या 1946 च्या पुस्तकात अपराधाचे चार प्रकार आहेत: फौजदारी, राजकीय, नैतिक आणि आधिभौतिकापलीकडचा, म्हणजे माणूस म्हणून माणसाशी असलेल्या नात्यातला. पहिला आणि तिसरा ज्याचा त्याचा असतो. राजकीय जबाबदारी मात्र त्या राज्याच्या प्रत्येक नागरिकावर येते, त्याने काही केलेले असो वा नसो. रशियातल्या आजच्या तरुणाला कुणी गुन्हेगार म्हणू नये. तरीही खड्डे भरण्याचा खर्च त्याच्या कराच्या पैशातून व्हावा, असे म्हणण्यात अन्याय नाही.

स्वेर्दलोव्स्कच्या हकीकतीत प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. 2 एप्रिल 1979 रोजी या शहरातल्या ‘कंपाउंड 19’ या लष्करी आवारातून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत सुटले. त्या दिवशीच्या वाऱ्याखाली सुमारे चार किलोमीटर लांबीच्या अरुंद पट्ट्यात राहणारी किंवा काम करणारी किमान 66 माणसे मेली, आणि त्याच रेषेत पुढे पन्नास किलोमीटरपर्यंत गावांतली गुरे मेली. अलिबेक यांनी दिलेल्या माहितीनुसार एका पाळीत गाळणी काढून ठेवली होती, त्याची नोंद रीतसर वहीत झाली नाही आणि पुढच्या पाळीने यंत्र सुरू केले. जैन आचारशास्त्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यभागी ठेवले आहे. मारण्याचा हेतू नसला तरी बेसावधपणे झालेली प्राणहानी हिंसाच. त्या न्यायाने नोंद न करणारा माणूस दोषी ठरतो. पण प्रमादाचा विचार तिथे थांबू शकत नाही. एक नोंद राहून गेल्याने वस्तीतली साठ-सत्तर माणसे मरावीत, अशी जागा भर वस्तीला लागून बांधणे हा मोठा प्रमाद, आणि तो पूर्ण शुद्धीत, शिक्क्यानिशी केलेला होता.

त्यानंतर खोटे सुरू झाले. लोक दूषित मांस खाऊन मेले, असे जाहीर झाले. गुप्तचर संस्थेने रुग्णालयांतले कागद उचलून नेले. 1988 मध्ये सोव्हिएत डॉक्टरांचे एक पथक अमेरिकेत जाऊन हीच मांसाची कथा शास्त्रीय सभांत सांगून आले. त्यात बुर्गासोव्ह होते, ज्यांनी पुढे देवीच्या स्फोटाची कबुली दिली. मात्र फाइना अब्रामोव्हा आणि लेव्ह ग्रिनबर्ग या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मृतांच्या ऊतींचे नमुने आणि आपल्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. घटनेच्या वेळी त्या प्रांताचे पक्षप्रमुख असलेले बोरिस येल्त्सिन 1992 मध्ये अध्यक्ष या नात्याने बोलले, की कारण लष्करी होते. अमेरिकी शास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांच्या पथकाने मृतांची घरे आणि कामाच्या जागा नकाशावर मांडून 1994 मध्ये वाऱ्याचा पट्टा सिद्ध केला. दोघा डॉक्टरांनी जपलेल्या नमुन्यांतल्या जिवाणूंचा जनुकीय आराखडा 2016 मध्ये वाचण्यात आला आणि त्यात कृत्रिम फेरफाराच्या खुणा दिसल्या नाहीत. सत्तेच्या विरोधात जाऊन जपलेली ऊती सदतीस वर्षांनी साक्ष देऊ शकली.

खोटे हा या कार्यक्रमाचा एक टिकाऊ अवशेष आहे, आणि धोक्याच्या दृष्टीने बीजाणूंपेक्षा तो कमी नाही. मृत्यूचे खरे कारण न कळलेल्या कुटुंबाला रडण्याचाही पूर्ण हक्क मिळत नाही. त्यांना वाटत राहते की आपणच वाईट मांस आणले. कुठे काय पुरले, कोणत्या वाणावर कोणती औषधे चालत नाहीत, हे दडवले की पुढच्या डॉक्टराचे हात बांधले जातात. मातीतले विष रसायनाने मरते, दप्तरातले मरत नाही.

तिसरा अवशेष विद्येचा. महाभारताच्या सौप्तिकपर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही ब्रह्मशिर अस्त्र सोडतात. ऋषींच्या सांगण्यावरून अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही, आणि त्याचे अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जाते, म्हणजे अजून जन्मलाही नाही त्याच्यावर. अशी अस्त्रे भिडतात त्या देशात बारा वर्षे पाऊस पडत नाही, असेही तिथे सांगितले आहे. द्रोणांनी ते अस्त्र मुलाला नाखुशीने, माणसांवर वापरू नकोस अशी ताकीद देऊन दिले होते. महाभारतकार इथे शिकवणाऱ्याकडेही बोट दाखवतात. आवरण्याची पात्रता नसलेल्याला सोडण्याची विद्या देणे हाच मुळातला अपराध होता.

1990 च्या दशकात रशियात आणि कझाकस्तानात अशी विद्या असलेली माणसे महिनोन्महिने पगाराविना बसली होती. कझाकस्तानातल्या स्टेपनोगोर्स्कच्या अस्त्र-कारखान्यात वीस-वीस हजार लिटरची किण्वनपात्रे होती. अमेरिकी मदतीने ती मोडून काढली गेली, पण ज्यांनी ती चालवली त्यांना मोडून काढता येत नाही. त्यांच्यासाठी मॉस्कोत 1994 मध्ये आंतरराष्ट्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान केंद्र सुरू झाले. शांततेच्या संशोधनासाठी त्यांना मानधन द्यायचे, म्हणजे ही विद्या बाजारात जाणार नाही, हा हेतू. पोट भरलेला माणूस आपोआप सज्जन होतो असे नाही, पण उपाशी ठेवून त्याची परीक्षा पाहणे जास्त वाईट होते. हा शहाणपणाचा उपाय होता. रशिया 2015 मध्ये त्यातून बाहेर पडला आणि केंद्राचे मुख्यालय अस्तानाला गेले.

तत्त्वज्ञ हान्स योनास यांचे जबाबदारीवरचे प्रसिद्ध पुस्तक जर्मन भाषेत आले ते 1979 मध्येच, स्वेर्दलोव्स्कच्या वर्षी. जबाबदारी केवळ झालेल्या कृत्याच्या हिशेबातून येत नाही, ती सामर्थ्यातून येते, असे त्यांचे म्हणणे. ज्याच्या हाती काही करता येण्यासारखे आहे आणि ज्याच्यासमोर असहाय जीव आहे, त्याच्यावर ती येते, त्याने आधी काही केले असो वा नसो. 2002 मध्ये खड्डे साफ करणाऱ्यांची कृती या तत्त्वात बसते. पण या तत्त्वाचा आधार घेऊन मूळ कर्त्याच्या वारसाने हात झटकले, तर कृतनाशाचा दोष तसाच राहतो. परक्याने घाण काढली म्हणून घरच्याची नोंद कोरी होत नाही. सामर्थ्यातून येणारी जबाबदारी आणि प्रवाहातून येणारी जबाबदारी या दोन्ही एकाच वेळी खऱ्या असतात, आणि दुसरीची फेड पैशाइतकीच माहितीतही करावी लागते.

ती फेड अर्धवट आहे. सप्टेंबर 1992 मध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी संयुक्त निवेदन काढून एकमेकांच्या संस्थांना भेटी देण्याचे मान्य केले. बायोप्रेपारातच्या काही नागरी संस्था उघडल्या, लष्करी संस्थांपर्यंत या भेटी पोहोचल्या नाहीत, आणि काही वर्षांत सगळी प्रक्रियाच थांबली. किरोव्ह, सेर्गियेव्ह पोसाद आणि पूर्वीचे स्वेर्दलोव्स्क असलेले येकातेरिनबर्ग इथल्या तीन लष्करी संस्था परदेशी तपासनिसांना कधीच उघडल्या गेल्या नाहीत. 1972 च्या करारात तपासणीची तरतूद नव्हती. ती घालण्यासाठी चाललेल्या वाटाघाटी 2001 मध्ये अमेरिकेने मसुदा नाकारल्यावर कोसळल्या आणि आजवर तशी यंत्रणा उभी राहिलेली नाही. देवीच्या विषाणूचे अधिकृत साठे दोन ठिकाणी आहेत, अटलांटात आणि सायबेरियातल्या कोल्त्सोवो इथल्या ‘व्हेक्टर’ संस्थेत. ही संस्थाही मुळात बायोप्रेपारातचीच होती.